बाऊंड्रीवरचा पाहुणा

दुसऱ्या गावाच्या संघाकडून खेळायला ज्याला बोलावून नेतात, त्याला आमच्या टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये पाहुणा खेळाडू म्हणतात. बोलावणारे जाण्यायेण्याची सोय करतात, जेवू घालतात, संध्याकाळी हातात पाकीट ठेवतात. माझ्या उमेदीची सगळी वर्षं मी असा पाहुणा होतो. डहाणूत, तलासरीत आणि पलीकडे गुजरातेत उंबरगावपर्यंत मी उभा राहिलो नाही असं मैदान सापडणं कठीण.

उभा राहिलो असंच म्हणतो, कारण पाहुणा खेळाडू म्हटलं की लोकांना षटकार मारणारा दांडगा गडी दिसतो, नाहीतर दांड्या उडवणारा बोलर. मी यातला कोणीच नव्हतो. बॅटिंगला माझा नंबर शेवटून दुसरा, आणि तोवर बहुधा ओव्हर संपलेल्या असायच्या. बोलिंग मी एकदा टाकली. त्या ओव्हरची आठवण आशागडची मंडळी लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतात, म्हणून तिच्याबद्दल मी इथे काही सांगत नाही. मला बोलवायचे ते लाँग ऑनला, मिडविकेटला, जिथे चेंडू सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त जायचा तिथे. वर गेलेला चेंडू खाली येताना मी त्याच्याखाली असायचो. माझी विद्या एवढीच.

याची सुरुवात बोर्डीच्या किनाऱ्यावर झाली. आमचं घर बोर्डीचं, चिकूची वाडी, थोडं भात, थोडी भाजी. वाडीचं सगळं थोरला भाऊ बघायचा आणि मी त्याला मदत करतो असं आम्ही दोघंही लोकांना सांगायचो. ओहोटीला आमच्या किनाऱ्यावरची वाळू इतकी घट्ट होते की तिच्यावर गाडी चालावी. तिथेच आमच्या स्पर्धा व्हायच्या. एका बाजूला सुरूची झाडं ही बाऊंड्री, दुसऱ्या बाजूला समुद्र ही बाऊंड्री.

त्या दिवशी आमची मॅच तलासरीच्या संघाशी होती आणि लांबली होती. आमच्या आळीचा एक गडी आलाच नव्हता म्हणून मला समुद्राकडे उभं केलं होतं. भरती सुरू झाली होती. पाण्याची रेघ हळूहळू आत सरकत होती, आणि पाण्याची रेघ हीच बाऊंड्री असल्यामुळे मैदान लहान लहान होत चाललं होतं. तलासरीच्या बॅट्समनने चेंडू उंच उचलला. मी वर बघत मागे मागे गेलो. झेल घेतला तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांना लागत होतं.

"आऊट!" आमचे लोक ओरडले.

"सिक्स! समुद्रात उभा आहे तो!" तलासरीवाले ओरडले.

अंपायर म्हणून आमच्या शाळेचे चित्रकलेचे सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि म्हणाले, "ओव्हर सुरू झाली तेव्हा हा कोरड्यात होता. समुद्र याच्याकडे आला, हा समुद्राकडे गेला नाही. आऊट."

भांडण असं रंगलं की ते मिटेपर्यंत खेळपट्टीवरही पाणी आलं आणि मॅच तशीच सोडून द्यावी लागली. मी ओल्या चड्डीने घरी निघालो होतो, तेवढ्यात तलासरीच्या संघाचा कप्तान मागून धावत आला. सगळ्यात जास्त आवाज त्याचाच होता, म्हणून मी जरा घाबरलोच.

"सिक्सच होती ती," तो म्हणाला. "पण रविवारी काय करतोस?"

"वाडीत काम असतं."

"वाडी भाऊ बघेल. तू आमच्याकडून खेळ."

भावाने खरंच बघितली. त्या रविवारपासून माझं पाहुणेपण सुरू झालं.

दिवाळीनंतर भातं निघाली की आमच्याकडे शेतं मोकळी होतात आणि स्पर्धांचे दिवस येतात. मोकळ्या शेताचे बांध तोडून, रोलर फिरवून मैदान तयार करतात. मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो, वडापावची गाडी येते. एका आठवड्याला मी तलासरीचा, पुढच्या आठवड्याला डहाणूच्या एखाद्या वाडीचा, त्याच्या पुढे उंबरगावच्या एका कारखान्याचा. माझ्या पिशवीत इतक्या रंगांचे टी-शर्ट असायचे की आई धुताना विचारायची, "आज नक्की कोणाकडून जिंकलास?" कधीकधी मलाही आठवावं लागायचं. एकदा तर मी चुकीचा शर्ट घालून मैदानात उतरलो आणि दोन्ही संघांनी मला आपलंच मानलं.

बक्षिसांचं एक सांगायला हवं. उत्कृष्ट फलंदाजाला सायकल मिळायची. उत्कृष्ट गोलंदाजाला मिक्सर नाहीतर पंखा. उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाला मात्र, तालुका कुठलाही असो, भिंतीवरचं घड्याळ. हा नियम कोणी केला मला माहीत नाही, पण तो कोणी मोडलेला मी पाहिला नाही. काही वर्षांत आमच्या घराच्या सगळ्या भिंती भरल्या. मग गोठ्यात एक लागलं, पंपाच्या खोलीत एक लागलं. नात्यात कोणाचंही लग्न निघालं की आहेराची चिंता नसायची. भाऊ म्हणायचा, "एकदा तरी बॅटिंग कर रे बाबा. घरात मिक्सर नाही."

उंबरगावच्या संघाकडून खेळताना मला एक मोठा अपघात झाला आणि त्याच्यातून माझं लग्न झालं, ते असं. चेंडू माझ्या आणि एका गुजराती गड्याच्या बरोब्बर मध्ये, उंच गेला होता. मी धावलो, तोही धावला. तो ओरडला, "मारो! मारो!" गुजरातीत याचा अर्थ 'माझा, माझा', म्हणजे झेल मी घेतो, तू थांब. मी आयुष्यभर उंबरगावच्या शेजारी राहिलेला माणूस, मला हे कळायला हवं होतं. पण त्या क्षणी माझ्या कानांनी ते हिंदी म्हणून ऐकलं. मला वाटलं, हा सांगतोय की पकड आणि मार स्टंपवर. मी आणखी जोरात धावलो.

चेंडू कोणालाच मिळाला नाही. त्याचा दात हलला आणि माझी भुवई फाटली. तलासरीच्या दवाखान्यात नेलं, तिथे नर्सबाईंनी टाके घालायला घेतले. त्या माझ्याच वयाच्या होत्या आणि कामात चांगल्याच कडक होत्या.

"एवढं कशाला धावायचं?" त्यांनी विचारलं.

"चेंडू येत होता."

"मग येऊ द्यायचा. खाली पडला की उचलायचा."

मी हसलो, त्यामुळे टाका वाकडा बसला, आणि त्यांनी मला अशी तंबी दिली की पुढचे टाके मी श्वास रोखून घेतले. टाके काढायला गेलो तेव्हा त्याच होत्या. नंतर मी काही दुखत नसताना दोनतीन वेळा गेलो. तेव्हा त्यांनीच विचारलं, "आता काय फाटलंय?" ते मला सांगता येईना. शेवटी थोरल्या वहिनीने जाऊन सांगितलं.

मुलीकडच्यांनी चौकशी केली ती मला वहिनीने जशीच्या तशी ऐकवली होती. सासऱ्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? वहिनी म्हणाली, क्रिकेट खेळतो. म्हणजे बॅटिंग करतो का? नाही. बोलिंग? नाही. मग करतो काय? झेल घेतो. मग सासरे म्हणाले, "वाडी आहे ना?"

वाडी होती, म्हणून जमलं. तो हललेल्या दाताचा गुजराती गडी लग्नाला उंबरगावहून आला आणि सगळ्यात जास्त नाचला. त्यानंतर कुठल्याही नव्या संघाकडून उतरताना मी आधी विचारायचो, "झेल आपला असेल तर तुमच्याकडे काय ओरडतात?" मराठीत ओरडणारे होते, वारलीत ओरडणारे होते, गुजरातीत होते, आणि एक पठ्ठ्या असा होता जो नुसती शिट्टी वाजवायचा. मला सगळ्या भाषा आल्या नाहीत, पण 'माझा' हा शब्द सगळीकडचा आला.

चामड्याच्या चेंडूच्या खऱ्या क्रिकेटमध्ये जायचा प्रयत्न मी एकदाच केला. निवड चाचणी होती. झेल बघून निवड करणारे खूश झाले, मग त्यांनी बॅट हातात दिली. थोड्या वेळाने त्यांनी ती परत मागितली, अगदी प्रेमाने. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण परतीच्या गाडीतून उतरलो तर स्टेशनवर तलासरीचा कप्तान मोटारसायकल घेऊन उभा. "झालं नाही ना? बरं झालं. उद्या फायनल आहे." त्याला माझ्याबद्दल इतकी खात्री होती की मला हसूच आलं.

पाय कमी पडायला लागले ते माझ्या आधी कोणाला कळलं नाही, असं मला वाटत होतं. गंजाडच्या बाजूला एका मॅचमध्ये चेंडू उडाला, मी धावलो आणि तो माझ्यापुढे जरासा पडला. लोक म्हणाले, "वा, काय प्रयत्न केला!" मला ठाऊक होतं की आदल्या वर्षी मी त्याच्याखाली उभा राहून वाट बघितली असती. प्रयत्न म्हणून टाळ्या मिळायला लागल्या की आपलं काम संपलं हे फील्डरला कळतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने माझा गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला आणि म्हणाली, "चला, एकदाचं तुम्हालाच कळलं. आता बसून बघा."

बसून बघण्यातून दुसरं काम मिळेल असं मात्र तिलाही वाटलं नव्हतं.

डहाणूला एका स्पर्धेच्या फायनलला मुंबईच्या एका क्रिकेट क्लबच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या स्वतः तरुणपणी खूप खेळलेल्या, आता मुलामुलींना शिकवायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. मांडवात माझी खुर्ची त्यांच्या मागे होती. चेंडू वर गेला की मी स्वतःशीच पुटपुटायचो, "हा सुटला", "हा घेतला". सवय होती. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची वळवली.

"चेंडू खाली यायच्या आधी कसं सांगता?"

"मी चेंडू बघतच नाही. पोराचं पहिलं पाऊल बघतो. पुढे पडलं की तो फसतो."

त्यांनी पुढच्या झेलाला पाऊल बघितलं. मग त्याच्या पुढच्या. मॅच संपेपर्यंत आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून पैजा मारत होतो, आणि मांडवातले पुढारी आमच्याकडे रागाने बघत होते, कारण खेळ चालू असतानाच त्यांनी भाषणं सुरू केली होती. जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्या भागात फिरा. मुलं बघा, मुली बघा. चांगलं कोणी दिसलं की मला फोन करा. गाडीखर्च क्लब देईल."

असा मी खेळाडू शोधणारा झालो. पहिल्याच खेपेला तोंडावर पडलो. आशागडचा एक पोरगा होता, चेंडू असा मारायचा की तो शोधायला वेगळी माणसं लावावी लागायची. मी त्याला मुंबईला पाठवला. चार दिवसांनी मॅडमचा फोन.

"तुमचा मुलगा कुठे आहे? सकाळपासून दिसत नाही."

मी तेव्हा आशागडलाच एका मॅचला बसलो होतो. समोर बघितलं. "इथेच आहे मॅडम. बॅटिंग करतोय. पन्नास झालेत त्याचे."

त्या पोराला नंतर विचारलं तर म्हणाला, "काका, तिथं सगळं चांगलं होतं. पण जेवणात सुकट नाही. आणि रात्री कुत्रीसुद्धा ओळखीची भुंकत नाहीत." मला त्याच्यावर रागावताच आलं नाही. मी जन्मभर पाहुणा होतो खरा, पण संध्याकाळी घरी यायचो. तेव्हापासून मी ठरवलं की खेळ बघितला की घरही बघायचं, घरी बसून चहा प्यायचा, आणि ज्याला जायचं आहे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, तुला खरंच जायचंय का?

मग गंजाडची ती मुलगी सापडली. सापडली म्हणजे आधी तिचा फक्त हात सापडला.

एका पाड्याजवळच्या शेतात मॅच होती. मी एका लेफ्टी बोलरसाठी गेलो होतो. शेताच्या एका बाजूला उतार होता आणि उताराखाली करवंदाच्या जाळ्या. तिकडे चौकार गेला की चेंडू जाळ्यांमागे दिसेनासा व्हायचा. त्या बाजूला फील्डर कोणी जातच नव्हतं. तरी थोड्या वेळाने चेंडू जाळ्यांवरून परत यायचा. आणि येताना तो कसाही येत नव्हता. विकेटकीपर हात पुढे करून उभा राहायचा आणि चेंडू त्याच्या हातात येऊन बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग. दुसऱ्यांदा मी उभा राहिलो. तिसऱ्यांदा लेफ्टी बोलरला विसरून मी उतार उतरलो.

खाली गवताचं शेत होतं. आमच्याकडे भात निघाल्यावर गवत कापून, वाळवून, भारे बांधून विकतात. दोघी मायलेकी भारे बांधत होत्या. लेक असेल विशीची. पदर खोचलेला, केसांत गवताच्या काड्या.

"चेंडू कोण फेकतंय?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. तिला वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. "नाही फेकला तर ती पोरं खाली येतात चेंडू शोधायला. वाळलेलं गवत तुडवतात. म्हणून लगेच फेकून देते."

"पण बरोबर कीपरच्या हातात कसा जातो?"

"जाळीच्या फटीतून तो दिसतो. आणि दुसरीकडे फेकला तर चेंडू पुन्हा घरंगळत खाली येतो ना."

तेवढ्यात वरून आणखी एक चेंडू आला. तिने हातातला भारा खाली ठेवला, दोन ढांगा टाकल्या आणि फेकला. तो जाळ्यांवरून गेला आणि वर टाळीसारखा आवाज आला. कीपरच्या हातांचा. इतकी वर्षं मी बाऊंड्रीवर काढली होती, माझ्या भरात मलाही एवढ्या लांबून असा सपाट चेंडू फेकता आला नसता.

मी मायलेकींशी बोललो. मुंबईचा क्लब, मुलींचा संघ, राहायची सोय, सगळं सांगितलं. आई भारे बांधता बांधता ऐकत होती.

"पण खेळायचं म्हणजे तिनं करायचं काय?" तिने विचारलं.

"लांब उभं राहायचं. चेंडू आला की परत फेकायचा."

आईने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते तर ती इथंच करते."

मी ठरवल्याप्रमाणे त्यांच्या घरी चहा प्यायलो, आणि आई आत गेल्यावर मुलीला विचारलं, "तुला जायचंय का खरंच?"

ती लगेच म्हणाली, "जायचंय. पण गवत संपल्यावर."

मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, "रविवारी चाचणी आहे, घेऊन या." मी म्हटलं, "रविवारी गवत आहे." त्या म्हणाल्या, "पुन्हा त्या पोरासारखंच होणार का?" मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच या." मला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या. रस्ता विचारत विचारत, गाडी पाड्याच्या अलीकडे सोडून, बूट हातात घेऊन ओढा ओलांडून आल्या. मुलीने फेकलेले चेंडू त्यांनी स्वतः कीपरच्या जागी उभं राहून घेतले. काही चेंडू घेतल्यावर हात झटकले, फुंकर मारली आणि मला म्हणाल्या, "बास. हात लाल झाला माझा. आता हिला जरा झेल द्या."

मी चेंडू उंच उडवला. मुलीने वर बघितलं, किंचाळली आणि गवताच्या गंजीमागे पळाली.

आम्ही सगळे बघतच राहिलो. मग लक्षात आलं. बिचारीकडे चेंडू आजवर जमिनीवरून घरंगळतच आला होता. आकाशातून येणारा चेंडू तिने कधी घेतलाच नव्हता. आई तर एवढी हसली की तिला भाऱ्यावर बसावं लागलं. मुलगीही गंजीमागून डोकं काढून हसायला लागली. मॅडम हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "तुमची विद्या कामाला लावा. गवत संपेपर्यंत वेळ आहे."

मग रोज दुपार कलली की मी मोटारसायकल काढून गंजाडला जायचो. पहिले काही दिवस मी तिला झेल घेऊच दिला नाही. सांगितलं, चेंडू वर गेला की पहिलं पाऊल मागे, मग कुठे पडणार ते ओळखायचं आणि तिथे जाऊन नुसतं शेजारी उभं राहायचं. हात पाठीमागे. चेंडू शेजारी धप्पकन पडू द्यायचा. ती आधी डोळे मिटायची. मग एक डोळा उघडा ठेवायला लागली. एक दिवस म्हणाली, "दादा, हा तर सरळच येतो. मला वाटायचं तो माणसाला शोधत येतो." त्या दिवशी मी तिला हात पुढे करायला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी बायकोही आली. टाक्यांची पेटी बरोबर घेऊन आली होती, माझा अनुभव असल्यामुळे. पेटी उघडायची वेळ आली नाही. चेंडू उडवायला मात्र ती उभी राहिली आणि तिचा एकही चेंडू तिने ठरवलेल्या दिशेला गेला नाही. मुलीला त्यामुळे इतकं धावावं लागलं की त्या एका दिवसात ती माझ्या आठवडाभराच्या शिकवणीपेक्षा जास्त शिकली. शेवटी एक अवघड झेल तिने दोन्ही हातांत धरला. आम्ही टाळ्या वाजवायच्या आत जुन्या सवयीने तिने तो तसाच फेकला. समोर कीपर नव्हता, आई होती. आईने भारा पुढे केला आणि चेंडू गवतात रुतला.

गवताचा शेवटचा ट्रक भरून गेला आणि ती मुंबईला गेली. मी रोज फोनची वाट बघायचो. चौथ्या दिवशी तर मॅडमचा फोन येईल या धास्तीने मी फोन हातातच धरून बसलो. पण तिनेच फोन केला. म्हणाली, "दादा, इथे खोलीत आम्ही चौघी आहोत. एकीचं गाव समुद्रावरचं आहे, ती सुकट आणते." माझा जीव भांड्यात पडला.

तिची पहिली मोठी मॅच पालघरच्या बाजूला होती. अख्खा पाडा टेम्पोत बसून निघाला. मी आणि बायको मोटारसायकलवर पुढे. मैदानाच्या कडेला सगळे ओळीने बसले. संघ उतरला आणि मुलगी धावत धावत पार टोकाला, दोरीजवळ जाऊन उभी राहिली. आईच्या कपाळाला आठी पडली.

"भाऊ, चांगली खेळते म्हणून बोलावली ना तिला?"

"हो तर."

"मग एवढं लांब का उभं केलंय?"

माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. मी आईला समजावत बसलो, की सगळ्यात अवघड चेंडू तिकडेच जातात, की तिथे विश्वासाचं माणूस लागतं. आईने ऐकून घेतलं, पण पटलं असं वाटलं नाही. थोड्या वेळाने एक सोपा झेल मुलीच्या हातातून सुटला. मी डोळे मिटले. उघडले तर ती स्वतःच्या कपाळावर हात मारून हसत होती आणि शेजारची मुलगी तिला काहीतरी सांगत होती. मला बरं वाटलं. झेल सुटल्यावर हसता येणं हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिचंच होतं.

मॅच संपत आली तेव्हा समोरच्या संघाची एक मुलगी जोरात खेळत होती. तिने चेंडू कोपऱ्यात मारला आणि दुसऱ्या धावेसाठी वळली. तिला वाटलं असणार, एवढ्या लांबून काय येणार. आमची मुलगी चेंडूपर्यंत पोहोचली, दोन ढांगा टाकल्या, आणि फेकला. कीपरला हात लावावाच लागला नाही. मधली दांडी उखडून पडली. आमच्या टेम्पोच्या मंडळींनी असा आरडाओरडा केला की पंचांनी वळून बघितलं.

मॅच आमचा संघ हरला. थोडक्यात हरला, पण हरला. मी आईला ते हळूच सांगितलं. तिने मान्यच केलं नाही. "असं कसं? ती बाई सगळ्यांना मारत होती, तिला माझ्या पोरीनं घरी पाठवली ना? मग?" आणि तिने फडक्यातून तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, सुकटीची चटणी काढली, आणि मैदानाच्या कडेलाच पंगत बसली. मॅडम आल्या, त्यांनाही बसवलं. थोड्या वेळाने ज्या मुलीला बाद केलं होतं तीही बिचारी बॅट घेऊन तिथून चालली होती. आईने तिला हाताला धरून बसवलं आणि तिच्या हातात भाकरी ठेवली. "जोरात मारतेस हं," तिला म्हणाली. "खा."

आता आमची गंजाडची मुलगी क्लबच्या पहिल्या अकरात असते. गवताच्या दिवसांत सुट्टी काढून घरी येते, मॅडमनी ते मान्य केलंय. मीही फिरतोच आहे. मागच्या आठवड्यात गंजाडला गेलो तर आईने चहा ठेवायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, त्या डोंगराकडच्या पाड्यात एक पोरगी आहे. चिंचेच्या शेंड्यावरची चिंच दगडाने पाडते, आणि फांदीला दगड लागत नाही. मी स्वतः उभी राहून बघितलंय."

"झेल घेता येतो का तिला?" मी विचारलं.

"ते तू बघ," आई म्हणाली. "सगळं मीच करू का?"